वऱ्हाड ते चिखलदरा : मिशनरी कुटुंबांच्या उन्हाळी प्रवासाची वाट

मिशनरी कुटुंबाचा उन्हाळी प्रवास दोन प्रकारचा असे. पहिला दरवर्षीचा. एप्रिल संपता संपता तापलेले मैदान सोडून जवळच्या डोंगरावर जायचे आणि मृगाचा पाऊस पडला की परतायचे. दुसरा सहा-सात वर्षांतून एकदा येणारा. मायदेशी जाऊन आईवडील, भावंडे, जुने मित्र आणि ज्यांच्या वर्गणीवर काम चालते त्या मंडळ्यांना भेटून यायचे. या लांबच्या रजेला ‘फर्लो’ म्हणत आणि मराठी ख्रिस्ती घरांतही हा शब्द रुळला. वऱ्हाडात पहिल्या प्रवासाचे मुक्कामाचे ठिकाण चिखलदरा होते. दुसरा प्रवास अकोला किंवा बडनेरा स्टेशनावर मुंबईची गाडी धरून सुरू होई. पहिल्यात कामाच्या ठिकाणचे सोबती भेटत, दुसऱ्यात कामाचा खर्च उचलणारे. वऱ्हाडातील अनेक मिशन संस्था कशा उभ्या राहिल्या आणि कशावर टिकल्या, हे या दोन प्रवासांतून समजते.

वऱ्हाडातील मिशन केंद्रे

निजामाने १८५३ मध्ये वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात दिला आणि १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. मलकापूर, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही गावे लोहमार्गावर आल्यामुळे कापसाच्या व्यापाऱ्यांप्रमाणे मिशनऱ्यांनाही वऱ्हाड जवळचा झाला.

या भागातील सुरुवातीच्या अमेरिकन मिशनऱ्यांवर विल्यम टेलर या मेथडिस्ट प्रचारकाचा प्रभाव होता. टेलर १८७० मध्ये भारतात आले. परदेशी मंडळाच्या पगारावर न राहता मिळेल त्या देणगीवर काम करावे, हे त्यांचे तत्त्व होते. त्यांच्या प्रभावाखालील अल्बर्ट नॉर्टन यांनी एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे बस्तान बसवले आणि मेळघाटातील कोरकूंमध्ये काम सुरू केले. तेथे आलेल्या जेनी फ्रो यांनी पुढे मार्कस फुलर यांच्याशी लग्न केले आणि फुलर दांपत्याने अकोल्यात काम उभारले. भारतीय स्त्रियांच्या स्थितीवरील जेनी फुलर यांचे लेखन १९०० मध्ये पुस्तकरूपाने निघाले आणि त्याला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना होती. अकोल्याचे काम पुढे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन संस्थेकडे गेले आणि अकोला, अमरावती, खामगाव अशी तिची केंद्रे झाली.

अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे फ्री मेथडिस्ट दांपत्य १८८१ मध्ये भारतात येऊन बऱ्हाणपूरला राहिले. त्या पंथाचे मुख्य ठाणे पुढे यवतमाळ झाले. चर्च ऑफ द नॅझरीनने बुलढाणा आणि वाशीम हे भाग घेतले. वाशीमला डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी उभारलेले रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय प्रसिद्ध आहे. एलिचपूर आणि मेळघाटात कुर्कू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशन काम करत होते. त्याच मिशनमधील जॉन ड्रेक यांनी लिहिलेले कोरकू भाषेचे व्याकरण १९०३ मध्ये कलकत्त्याला छापले गेले. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे. मराठी किंवा हिंदी येणाऱ्याला ती आपोआप कळत नाही, त्यामुळे मेळघाटात राहणाऱ्याला हा अभ्यास टाळता येत नसे.

ही ठाणी एकमेकांपासून लांब होती. एका ठाण्यावर बहुधा एक-दोनच परदेशी कुटुंबे असत. वर्षातले दहा महिने त्यांचा आपल्या भाषेतल्या माणसांशी संबंध पत्रांपुरता राही. म्हणून उन्हाळ्याच्या भेटीला एवढे महत्त्व आले.

मे महिन्यातील बंगला

अकोला आणि अमरावती ही देशातील अतिउष्ण शहरांत मोडतात. मे महिन्यात तेथे पारा ४५ अंशांपर्यंत सहज चढतो. मिशन कंपाउंडमधील बंगले याच हिशेबाने बांधलेले असत. जाड भिंती, उंच छत, कौले आणि चारही बाजूंनी खोल व्हरांडा. सकाळी आठच्या आत दारे-खिडक्या बंद करायच्या आणि पश्चिमेच्या दाराला वाळ्याची ताटी लावायची. ताटीवर सारखे पाणी मारावे लागे. गरम वारा ओल्या वाळ्यातून आत आला की खोली सुसह्य होई आणि वाळ्याचा वास घरभर पसरे. ताटी वाळली की खोलीची भट्टी होई. रात्री खाटा अंगणात टाकून मच्छरदाण्या लावत. पाण्याचे माठ आणि सुरया व्हरांड्याच्या कोपऱ्यात वाळूवर मांडलेल्या असत.

शाळांना सुट्टी लागलेली असे, शेतकरी लग्नसराईत आणि वखरणीत गुंतलेला असे आणि दुपारी गावात फिरणे शक्य नसे. कामाच्या दृष्टीनेही हे दिवस मोकळे होते. त्यातच त्या काळी लहान मुलांचे हगवणीने आणि तापाने मरण्याचे प्रमाण मोठे होते. मिशन कंपाउंडमागच्या छोट्या कबरस्तानांतील मुलांच्या कबरी त्याची साक्ष देतात. मुलांना घेऊन डोंगरावर जाणे ही चैन नसून जिवाची काळजी होती, असे मिशनरी संस्था मानत. त्याच वेळी मराठी प्रचारक, बायबल-बाया, शिक्षक आणि त्यांची मुले मात्र खाली मैदानातच उन्हाळा काढत. एकाच मिशनमधील हा भेद मराठी ख्रिस्ती समाजाला जाणवत असे.

रेल्वे, बंडी आणि घाट

अकोल्याहून निघालेले कुटुंब रेल्वेने मूर्तिजापूर ओलांडून सुमारे ८० किलोमीटरवरील बडनेऱ्याला उतरे. तेथून छोट्या शाखेवरून अमरावती. अमरावतीला दुसऱ्या मिशन बंगल्यात एक-दोन दिवसांचा मुक्काम ठरलेला असे. पुढे परतवाड्यापर्यंत सुमारे ५० किलोमीटर बंडी, दमणी किंवा टांगा. हा टप्पा शक्यतो रात्री चालत. बंडीत कडबा पसरून त्यावर गादी घालायची, मुलांना झोपवायचे आणि पहाटेपर्यंत बैल चालू ठेवायचे. मागच्या बंडीत ट्रंका, पिठाचे डबे, कंदील, बाजाची पेटी आणि कोंबड्यांचा खुराडा असे.

विसाव्या शतकात मूर्तिजापूरहून अचलपूरला अरुंद मापाची रेल्वे सुरू झाली. लोक तिला ‘शकुंतला’ म्हणतात. दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट असे थांबे घेत ७६ किलोमीटरचा हा मार्ग ती चार तासांच्या आसपास कापे. बैलबंडीच्या मानाने ही मोठीच सोय होती.

मैदानी रेल्वेच्या डब्यांतही मिशनऱ्यांचे काम चालू असे. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला जात असताना डब्यात त्यांची एका परदेशी प्रवाशाशी गाठ पडली. बोलणे झाले आणि त्या गृहस्थाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. टिळकांना त्याचे नाव तेव्हा कळले नाही. तो फ्री मेथडिस्ट मिशनचा अर्नेस्ट वॉर्ड होता, हे पुढे उघड झाले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला वळण देणाऱ्या माणसाच्या आयुष्यातील हा प्रसंग रेल्वेच्या बाकावर घडला होता.

कोठारा : दूरच्या मित्रांची देणगी

परतवाडा ही अचलपूरची जुनी छावणी. घाट चढण्यापूर्वी येथे सामान पुन्हा बांधावे लागे. याच परिसरातील कोठारा येथे कुर्कू मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुष्ठरुग्णांसाठी आश्रम काढला. त्यामागे मिशन टू लेपर्स, म्हणजे आजची लेप्रसी मिशन, या संस्थेची मदत होती. ही संस्थाच एका फर्लोतून जन्मली.

वेल्सली बेली हे आयरिश गृहस्थ १८६९ मध्ये पंजाबातील अंबाल्याला अमेरिकन मिशनच्या शाळेत शिक्षक होते. तेथे त्यांनी कुष्ठरुग्णांच्या झोपड्या प्रथम पाहिल्या. १८७४ मध्ये ते पत्नी अ‍ॅलिस हिच्यासह रजेवर आयर्लंडला गेले. डब्लिनजवळच्या मंक्सटाऊन येथे अ‍ॅलिसच्या मैत्रिणी, पिम भगिनी, राहत होत्या. पाहुणे म्हणून गेलेल्या बेलींनी त्यांना अंबाल्याची हकीगत सांगितली. त्या बहिणींनी वर्षाला ३० पौंड जमवून पाठवण्याचे कबूल केले. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट रक्कम जमली आणि संस्था उभी राहिली. शार्लट पिम यांनी पुढे बरीच वर्षे तिचे काम सांभाळले.

फर्लोमधील भेटीगाठींचा उपयोग काय, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे. मैत्रिणीच्या दिवाणखान्यातील गप्पांतून वार्षिक वर्गणी ठरली, वर्गणीतून संस्था झाली आणि संस्थेचा पैसा मेळघाटाच्या पायथ्यापर्यंत आला. पुढे १९४६ मध्ये अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले तेव्हा त्यांनाही कुष्ठसेवेसाठी समाजाच्या दारी जावे लागले. देणगीदार गावचा असो की सातासमुद्रापलीकडचा, त्याच्याकडे जाऊन काम समजावून सांगण्याला पर्याय नाही. वऱ्हाडाला ही रीत नवी नव्हती. शेंडगावच्या गाडगे महाराजांनी गावोगाव कीर्तने करून लोकांच्या देणगीतून धर्मशाळा उभ्या केल्या.

चिखलदऱ्याचा मुक्काम

परतवाड्याहून चिखलदरा सुमारे ३० किलोमीटर आहे. हा गाविलगड डोंगरांचा भाग असून गावाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर आहे. परतवाड्यापेक्षा हे ठिकाण सातशे मीटरहून अधिक उंच असल्यामुळे हवा पाच-सहा अंशांनी थंड असते. आकडा लहान वाटला तरी रात्री त्याचा फरक कळतो. खाली अंगणात झोप येत नाही, तेव्हा वर चादर ओढावी लागते. घाटात सागाची निष्पर्ण झाडे मागे पडत जातात आणि वर जांभूळ, आंबा, मोह यांची सावली सुरू होते. मे महिन्यात रस्त्याकडेला करवंदे आणि चारोळीची फळे पिकलेली असतात. कोरकू मुले पळसाच्या पानांच्या द्रोणांत ती विकायला आणतात.

कीचकाचा वध भीमाने येथे केला आणि कीचकदऱ्याचे चिखलदरा झाले, अशी लोककथा आहे. भीमकुंड तिच्याशी जोडलेले आहे. इंग्रज अंमलदारांनी १८३९ च्या सुमारास हे ठिकाण हवापालटासाठी वापरायला सुरुवात केली. जवळच गाविलगड आहे. बहमनी सुलतान अहमदशाहने पंधराव्या शतकात त्याची भक्कम उभारणी केली आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेल्सलीच्या फौजेने तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. त्यानंतर दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. चिखलदऱ्याला इंग्रजी काळात कॉफीची लागवड झाली. महाराष्ट्रात कॉफी पिकणारे ठिकाण म्हणून त्याचे नाव आजही घेतले जाते. जवळचे मरियमपूर हे कॅथलिक मिशनच्या कामातून वसलेले गाव. अमरावतीचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत १९५५ मध्ये झाला.

मिशनरी कुटुंबांचे येथील दिवस ठरावीक क्रमाने जात. सकाळी लवकर प्रार्थना, मग नव्याने आलेल्यांचा मराठीचा अभ्यास. भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज नव्या मिशनऱ्याला पूर्ण जबाबदारी मिळत नसे. पंडित बरोबर आणलेला असे आणि व्हरांड्यात ‘ळ’ आणि ‘ल’ यांचा घोटाळा निस्तरत बसे. पश्चिम महाराष्ट्रातील मिशनांसाठी हेच काम महाबळेश्वरला चाले. दुपारी वार्षिक अहवाल, हिशेब आणि देणगीदारांची पत्रे लिहिली जात. संध्याकाळी मुले देवी पॉइंटकडे किंवा गाविलगडाच्या वाटेने फिरायला जात. वेगवेगळ्या पंथांची कुटुंबे एकमेकांकडे चहाला जात, आजारी माणसाची शुश्रूषा वाटून घेत आणि कोणत्या ठाण्यावर पुढच्या वर्षी कोण जाणार याची बोलणी करत. पंथांतील अंतर कमी होण्यास अशा सहवासाची मदत झाली. १९५३ मध्ये यवतमाळला निघालेली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही अनेक पंथांनी मिळून चालवलेली संस्था होती.

पुढे मिशनऱ्यांची मुले कोडाईकनाल किंवा मसुरीच्या निवासी शाळांत जाऊ लागली. त्या शाळांची लांब सुट्टी हिवाळ्यात असे. त्यामुळे उन्हाळ्यात आईवडील मुलांकडे दक्षिणेला किंवा उत्तरेला जात.

फर्लो : वर्गणीदारांच्या गावोगाव

सहा-सात वर्षे पुरी झाली की कुटुंब मुंबईला जाई आणि बोटीने निघे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर हा प्रवास बराच आटोपशीर झाला, तरी अमेरिकेला पोचेपर्यंत महिना-दीड महिना लागे. तेथे पहिले काही आठवडे नातेवाइकांकडे जात. इकडे जन्मलेली मुले आजी-आजोबांना प्रथमच पाहत. वऱ्हाडात वाढलेल्या मुलाला तिकडचे शेजारी परके वाटत आणि जेवणात तिखट नसल्याची तो तक्रार करी.

मग डेप्युटेशन सुरू होई. संस्था ठरवून देईल त्या गावच्या मंडळीत एक-दोन दिवस राहायचे, रविवारी बोलायचे, महिला मंडळापुढे वेगळे बोलायचे आणि दुसऱ्या गावाला जायचे. पूर्वी हा दौरा आगगाडीने होई. मोटारी स्वस्त झाल्यावर उन्हाळ्यात सगळे कुटुंब एका गाडीत बसून हजारो मैल फिरू लागले. रात्रीचा मुक्काम बहुधा एखाद्या सभासदाच्याच घरी. सामानात मॅजिक लँटर्न आणि काचेच्या चित्रपट्ट्या असत, नंतर त्यांची जागा रंगीत स्लाइडनी घेतली. पितळेचा तांब्या, लाखेच्या बांगड्या आणि नऊवारी लुगडे दाखवायला नेत. एखाद्या मुलीला व्यासपीठावर लुगडे नेसवून उभे करत आणि श्रोत्यांना ते फार आवडे.

मदत पैशाच्या रूपानेच येई असे नाही. तिकडच्या महिला मंडळांत जुन्या सुती चादरी धुऊन, त्यांच्या पट्ट्या फाडून गुंडाळण्याचे काम चाले. अशा पट्ट्यांची खोकी मिशन दवाखान्यांत पोचत. ड्रेसिंगसाठी कापूस आणि पट्टी बाजारातून घेणे महाग होते. ओहायो किंवा कॅन्ससमधल्या कोणाच्या तरी बिछान्यावरची चादर अशा रीतीने परक्या देशातल्या रुग्णाच्या जखमेवर येई.

हीच पद्धत एका मराठी स्त्रीनेही यशस्वीपणे वापरली. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकाभर फिरल्या. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि गावोगावच्या ‘रमाबाई मंडळां’नी दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले. त्या आधारावर १८८९ मध्ये शारदासदन सुरू झाले. मुदत संपत आली तेव्हा, १८९८ मध्ये, रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या. वर्गणीदाराला प्रत्यक्ष भेटून हिशेब देणे त्यांनी कामाचाच भाग मानले होते.

या व्यवस्थेला मर्यादा होत्या. भाषणात दुष्काळ, बालविवाह आणि रोगराई यांवर भर दिला की मदत लवकर मिळे, त्यामुळे परदेशी श्रोत्यांपुढे येथील समाजाचे एकांगी चित्र उभे राही. शिवाय निर्णय पैसा देणाऱ्याच्या हाती राहत आणि स्थानिक मंडळी स्वतःच्या पायावर उभी राहायला उशीर लागे. टिळकांसारख्यांनी हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभीच मांडला होता.

१९५६ नंतर

स्वातंत्र्यानंतर वऱ्हाड मध्य प्रदेश राज्यात होता. त्या सरकारने १९५४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, अशी शिफारस तिने १९५६ मधील अहवालात केली. ख्रिस्ती संस्थांनी त्यातील निष्कर्षांना आक्षेप घेतला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात आला. पुढील दशकांत व्हिसाचे नियम कडक होत गेले आणि १९७६ मध्ये परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा आला. परदेशी कुटुंबे एकेक करून गेली आणि शाळा, दवाखाने, मंडळ्या भारतीयांच्या हाती आल्या.

प्रवास मात्र थांबला नाही, त्याची दिशा बदलली. तिरुनेलवेलीची इंडियन मिशनरी सोसायटी १९०३ मध्ये आणि नॅशनल मिशनरी सोसायटी १९०५ मध्ये स्थापन झाली, तेव्हापासून भारतीय वर्गणीवर भारतीय मिशनरी पाठवण्याची परंपरा आहे. अशा कार्यकर्त्याचे कुटुंब उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली की रेल्वेने आपल्या राज्यात जाते. आजोळी जाणे आणि नातेवाइकांच्या भेटी होतात, तसेच दरमहा थोडी रक्कम बाजूला काढणाऱ्या प्रार्थना-गटांच्या भेटीही होतात. लँटर्नच्या जागी मोबाइलवरील फोटो आले आहेत.

आजचा प्रवासी

चिखलदऱ्याला जाण्यासाठी बडनेरा किंवा अमरावतीला उतरून परतवाडामार्गे एस. टी. किंवा खासगी गाडीने जाता येते. अमरावतीहून हे अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे. परिसराचा मोठा भाग १९७४ मध्ये घोषित झालेल्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पाशी लागून असल्यामुळे जंगलातील रस्त्यांवर वन विभागाचे नियम पाळावे लागतात. पावसाळ्यात धबधब्यांसाठी गर्दी होते. मिशनरी कुटुंबांचा हंगाम पाहायचा तर मे महिन्यात जावे. बंगल्यांच्या आवारातील जुनी आंब्याची झाडे, मरियमपूरचे चर्च आणि गाविलगडाची तटबंदी एका दिवसात पाहून होते. परतताना परतवाड्याजवळ कोठारा लागते. मंक्सटाऊनच्या ३० पौंडांतून उभ्या राहिलेल्या संस्थेचा तेथील दवाखाना आता कुष्ठरोगाबरोबर इतर आजारांवरही उपचार करतो.